सत्तावीसशेवाले इवाई

माझी पोरगी पाहायले आलेला माणूस पोरीकडे पाहायचं सोडून छताकडे पाहून राहिला, तेव्हाच मले समजायले पाहिजे होतं.

रेखा पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. पोरगा, पोराची मावशी, जमवणारे जोशीबुवा, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोराचे वडील मात्र मान वर करून बसले. मले वाटलं छताले ओल आली का काय, म्हणून मी बी वर पाहिलं. मग जोशीबुवांनी पाहिलं. मग मावशीनं. रेखा ट्रे धरून उभी, अन् अख्खी बैठक छताकडे पाहून राहिली.

"मास्टर," पोराचे वडील शेवटी बोलले, "ही ट्यूब कोणी लावली?"

"मी," मी छाती काढून म्हटलं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमच्या गल्लीत पहिली ट्यूबलाइट माझ्या घरी लागली. ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतोच, कोणी विचारो का न विचारो.

"या उजेडात माणूस पाहायचा नसते," ते म्हणाले. "या उजेडात तर मी बी कोणाले पसंत पडणार नाही."

अन् उठले. सगळ्यांनी आपापल्या प्लेटा उचलल्या अन् बाहेर ओसरीत गेलो, तिथं एक जुना पिवळा बल्ब होता. मी तो बदलायचा म्हणून कधीचा ठेवला होता. त्याच्याखाली त्यांनी रेखाकडे एकदा पाहिलं, पोह्याचा एक घास घेतला अन् निकाल दिला.

"पोरगी पसंत. ट्यूब नापसंत."

हे आमचे इवाई, यादवराव सातपुते. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. पुण्यामुंबईकडचे लोक व्याही म्हणतात, आमच्याकडे इवाई. शब्द कोणताही घ्या, माणूस तोच: ज्याले नाही म्हणता येत नाही असा माणूस. पोरीचा सासरा. तो म्हणाला, पाट इथं मांडा, तर पाट तिथंच मांडायचा. अन् तो म्हणाला, मास्टर, स्टूल आणा, तर स्टूल आणायचा.

मी आयुष्यात पुष्कळ स्टूल आणले.

लग्न झालं अन् इवाईंचं येणं-जाणं सुरू झालं. खांद्याले झोळा. झोळ्यात बल्ब. प्रत्येक बल्ब लोकरीच्या जुन्या मोज्यात घातलेला. मी म्हटलं, "इवाई, हे आजकालचे बल्ब प्लास्टिकचे असतात. फुटत नाहीत."

"फुटत नाही. पण गरम उजेडाचा आहे ना, थंडी लागू नये."

हे हसून नाही म्हटलं. इवाई हसून काहीच म्हणत नाहीत.

दारात चपला काढल्या की पहिले वर पाहायचे. मग झोळा खाली. मग, "मास्टर, स्टूल." मग माझी ट्यूब बंद करायची, दाराजवळच्या होल्डरमधला माझा बल्ब काढून मोज्यातला लावायचा, अन् मग खाली उतरून नमस्कार. "हं. आता बोला, कसे आहात?" जसं काही तोपर्यंत मी अंधारात कुठं हरवलो होतो.

आता माझं सांगतो. मी तिसरीतून शाळा सोडली. गोंदियाकडच्या खेड्यातून मामाच्या मागं रायपूरले आलो अन् पंडरीच्या कापडबाजारात शिलाई मशीनवर बसलो, तेव्हापासून टेलर मास्टर. माझ्या हातचे कोट घालून लोक मोठ्या मोठ्या कचेरीत गेले, मी गेलो नाही, माझ्या शिलाया गेल्या. ट्यूब लागली त्या दिवशी काळ्या कापडावर काळा दोरा मले पहिल्यांदा टाका-टाका दिसला. पिवळा उजेड मले कोणी शिकवू नये. लहानपणी चिमणी होती आमच्या घरी, घासलेटाची. तिच्या उजेडात जेवताना भातात खडा आहे का शीत, हे दाताले कळत होतं, डोळ्याले नाही. पुढं छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, रस्ते पांढरे लख्ख झाले. अन् राजधानीचा माणूस झाल्यावर मी पुन्हा चिमणीच्या रंगात बसू? काहून?

पण इवाईंपुढं हे सांगणार कोण?

एकदा मात्र मी भिडलो. इवाईंनी बल्बचा डबा माझ्या नाकाखाली धरला.

"हे पहा मास्टर, डब्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा लिहिला असते. पासष्टशे म्हणजे थंडा उजेड. सत्तावीसशे म्हणजे गरम."

"म्हणजे आकडा उतरला की गरमी चढली?"

"हव."

"तुम्हाले ताप आला अन् थर्मामीटरचा आकडा उतरला, तर तुम्ही काय म्हणता? ताप वाढला?"

इवाईंनी डबा झोळ्यात ठेवला. मग म्हणाले, "लोहाराच्या भट्टीत लोखंड पाहिलं कधी? पहिले लाल होते, मग पिवळं, मग पांढरं. पांढरं म्हणजे सगळ्यात जास्त तापलेलं. म्हणून त्याचा आकडा मोठा."

"मग पांढराच गरम झाला ना! तुम्हीच म्हणून राहिले!"

"भट्टीत गरम. घरात थंडा."

"इवाई, तुमचं शास्त्र दारात चपलेसंगं काढून ठेवता का? आत आलं की बदलून जाते ते?"

माझी बायको सुमन चहा घेऊन आली म्हणून वाद थांबला. मिटला नाही. माझ्याकडून तो आजही मिटलेला नाही.

इवाईंचं म्हणणं काय, तर सूर्याले विचारा. कोणतीही गोष्ट असो, "सूर्याले विचारा." दुपारी सूर्य पांढरा जळते, तेव्हा माणूस काम करते. मावळताना तो पिवळा-तांबडा होते, तेव्हा गाय घरी येते, पाखरं घरी येतात, माणसाचं डोकं बी म्हणते, चला, आता आवरा. "अन् तुम्ही काय करता मास्टर? सूर्य गेला की घरात दुसरी दुपार लावता. डोक्याले वाटते, अजून ऊनच आहे. दुपारी कोणाले झोप येते?"

"मले येते," मी म्हटलं.

यावर सुमन हसली. इवाई नाही.

त्यांचे नियम पक्के होते. स्वयंपाकघरात चार हजार, कारण तिथं विळी असते. वाचायच्या टेबलावर चार हजार चालते, पण जेवायच्या आधीपर्यंत. बैठकीत तीन हजार, पाहुणा चिकट असेल तर जास्त, म्हणजे लवकर उठते. झोपायच्या खोलीत सत्तावीसशे, अन् तो बी डोळ्यासमोर नाही, पायाकडून. संडासात काय लावायचं ते तुम्ही ठरवा, इतकी मोकळीक त्यांनी दिली होती.

एकदा नात्यातल्या मुंजीत आम्ही शेजारी-शेजारी जेवायले बसलो. हॉलमध्ये पांढरा झगमगाट. पानात वांग्याची भाजी पडली. इवाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वाढणारा भैया घाबरला. "क्या हुआ बाबूजी, कुछ गिर गया क्या?"

"वांगं कधी गेलं?" इवाईंनी विचारलं. "घरच्या लोकांना खबर दिली का?"

मले ठसका लागला. पण खरं सांगतो, नंतर मी बी त्या भाजीकडे पाहिलं अन् ती माझ्याच्यानं खाल्ली गेली नाही. निळसर दिसत होती, लढाईतून आल्यासारखी. मात्र इवाईंले मी हे कधी कळू दिलं नाही. उलट पुन्हा मागून घेतली.

पुढं आमचे जावई प्रशांत नव्या रायपूरले राहायले गेले. उंच इमारत, लिफ्ट, खाली बगीचा, सगळं नवं. इवाई त्यांच्यासोबतच. आमच्या इहीणबाई पोराच्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या, तर एकटे ते कुठं राहणार? मले वाटलं, आता एवढ्या दूरवरून काही येत नाहीत, माझी ट्यूब सुटली.

तर ते जास्त येऊ लागले. बसनं. संध्याकाळ झाली की फाटक वाजायचं, झोळा आत यायचा.

अन् एक नवीनच सुरू झालं. बल्ब लावला, नमस्कार झाला, की इवाई माझ्या आरामखुर्चीत बसायचे. माझ्या. मी पलंगाच्या काठावर. मी बोलायले सुरुवात करायचो, का बुवा, गोल बाजारात आज काय पाहिलं, कोणाच्या पोट्ट्यानं काय केलं. अन् वाक्य पुरं होईस्तोवर पलीकडून मालगाडी सुटायची. असं घोरणं मी ऐकलं नाही. आधी इंजिन, मग डब्यांमागून डबे, मधात एक लांब शिटी. सुमन येऊन त्यांच्या अंगावर शाल टाकायची. बसची वेळ झाली की आपोआप जागे व्हायचे, गार्डाची सवय.

"डोळा लागला होता का?"

"नाही इवाई. गाडी गेली एक."

ते गेले की मी सुमनवर घसरायचो. "मी काय धर्मशाळा उघडली? यांच्या घरी पलंग नाही का? पोरानं एवढा मोठा फ्लॅट घेतला अन् हे माझ्या खुर्चीत!"

"असू द्या. इवाई आहेत."

"इवाई आहेत म्हणून तर बोलून राहिलो! दुसरा असता तर उठवला नसता?"

त्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा जास्तीचा महिना. यात लेक-जावयाले जेवायले बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अन् जावयाले अनारशासोबत दिव्याचं वाण द्यायचं. आमच्यात हे चुकवत नाहीत. आमंत्रण द्यायले मी अन् सुमन नव्या रायपूरले गेलो.

लिफ्टमधून बाहेर आलो, दार उघडलं, अन् माझं मन प्रसन्न झालं. छतात ओळीनं बसवलेले दिवे, सगळे पांढरे शुभ्र. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी. वाटलं, आपण आपल्याच ट्यूबच्या आत येऊन बसलो.

मग मले शंका आली. "जावईबापू, इवाईंनी इथले बल्ब बदलले नाही?"

"पापा ने?" जावई हसले. मराठी त्यांले सगळी समजते, पण जीभ हिंदीच बोलते. "नहीं बाबूजी. पापा को तो ये बहुत पसंद है. आज तक एक शब्द नहीं बोले."

मी सुमनकडे पाहिलं. सुमननं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द नाही? ज्यानं माझी पोरगी पाहण्याआधी माझी ट्यूब पाहिली, तो माणूस?

जावयांनी मोठ्या हौसेनं वडिलांची खोली दाखवली. तिथला दिवा तर सगळ्यात तेज. "पापा एक बार रात को बाथरूम जाते समय अंधेरे में गिर गए थे. तब से मैंने ये लगाया है. खुद स्टूल पर चढ़के लगाया बाबूजी. रातभर जलता है. और बटन बाहर रखवाया है, नहीं तो पापा बिजली बचाने के चक्कर में बंद कर देंगे."

पलंग नीट घातलेला. उशीवर एक गमछा घडी करून ठेवलेला. मी शिंपी आहे, कपड्याची चुरगळ मले दिसते. नुसता घडी केलेला गमछा वेगळा अन् रोज बांधलेला वेगळा. याच्या एका टोकाले गाठीची मुरड बसलेली होती, अन् मधात पट्टी केल्याच्या घड्या. डोळ्यावर बांधतात तशा.

रेखा माझ्या मागं उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं प्रशांतले सांगते म्हणून. तर पापांनी मले शपथ घातली."

इवाई बाल्कनीत कुंडीतल्या तुळशीले पाणी घालत होते. मी जाऊन उभा राहिलो. माझा आवाज जरा मोठाच आहे.

"काहून इवाई? माझ्या घरी स्टूल मागता अन् इथं गमछा बांधता?"

"हळू बोला, मास्टर." त्यांनी आत पाहिलं. जावई सुमनले स्वयंपाकघर दाखवत होते. "पोट्ट्यानं बाप पडू नये म्हणून लावला."

"पण झोप?"

"तो रात्री उठते. दारात येऊन पाहते, बाप नीट आहे का. गमछा त्याले गार्डाची जुनी सवय वाटते. मी त्याच्या खालून पाहतो त्याले." इवाईंनी लोटा खाली ठेवला. "हा लहान होता तेव्हा मी ड्युटीवरून यायचो अन् दारातूनच पाहायचो. आत गेलो तर जागा होईल म्हणून. गार्डाच्या नोकरीत पोराले तेवढंच पाहणं झालं माझ्याच्यानं, झोपलेलं. आता तो मले पाहते. त्याले मी काय सांगू, तुझा उजेड मले झोपू देत नाही?"

मी लोटा उचलून उरलेलं पाणी तुळशीले घातलं.

"अन् झोपेचं काय आहे," इवाई म्हणाले, "तुमच्या खुर्चीत होऊन जाते."

परतताना सुमननं विचारलं, काय बोलले? मी म्हटलं, तुळशीचं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी मी गोल बाजारात गेलो. दिवा आणायले जातो, म्हणून सांगून गेलो, खोटं नाही सांगितलं. भांड्याच्या दुकानांपुढून निघालो अन् बिजलीच्या दुकानात शिरलो.

"भैया, रातभर जलाने का छोटा दिवा चाहिए. रास्ता दिखे, आँख में न घुसे."

"वार्म दूँ कि कूल, चाचा?"

"थंडा-गरम मत पूछ, उस पर झगड़ा चालू है. सत्तावीसशे दे."

"सत्ताईस सौ?"

"वही."

घरी येऊन मशीनचं झाकण काढलं. कोसाचा, म्हणजे आमच्याकडच्या रेशमाचा, एक तुकडा कधीचा जपून ठेवला होता, कोण्या लग्नाच्या कुर्त्यातून उरलेला, मधाच्या रंगाचा. तारेच्या कड्यावर त्याचं टोपण शिवलं, आतून अस्तर, शिलाई उलट्या बाजूनं, उजेडात दिसू नये म्हणून. सुईत दोरा ट्यूबखालीच ओवला, हे बी सांगून ठेवतो.

धोंड्याच्या दिवशी इवाई, रेखा, जावई, सगळे आले. इवाईंनी दारात वर पाहिलं. मी आधीच म्हटलं, "आज ट्यूब राहू द्या इवाई, आज तुमच्या पोराचा मान आहे, तुमचा नाही." त्यांनी झोळा खुंटीले अडकवला. जेवणं झाली. जावयांले पाटावर बसवून सुमननं ओवाळलं. मी थाळी आणली. थाळीत अनारसे, अन् मधात चांदीच्या निरांजनाच्या जागी कोसाचं टोपण घातलेला बिजलीचा दिवा.

सुमननं डोळे मोठे केले. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"जावईबापू, हा धोंड्याचा दिवा. याचा नियम आहे. हा घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या खोलीत लावायचा, पायाकडून. रातभर ठेवायचा. अन् हा लागलेला असताना त्या खोलीत दुसरा उजेड चालत नाही."

"जी बाबूजी. सिर्फ इस महीने?"

"नाही. पुढचा धोंड्याचा महिना येईपर्यंत."

"हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे?" सुमन म्हणाली.

"तुझ्या माहेरी ती पोथी पोचली नव्हती."

जावई थोडे विचारात पडले. "मगर पापा अंधेरे में..."

"लावून पहा," मी म्हटलं अन् ट्यूब बंद केली. दिव्याची पिन लावली. कोसातून मऊ उजेड खाली सांडला, पाट दिसला, अनारसे दिसले, दारापर्यंतची फरशी दिसली. रेखा म्हणाली, "दिसते सगळं. पाय कुठं ठेवायचा ते तर नीटच दिसते."

जावयांनी थाळी दोन्ही हातांनी घेतली अन् डोक्याले लावली. "वाण है, मना कैसे करेंगे."

मी ट्यूब परत लावली. इवाई वर पाहून राहिले होते, छताकडे, पोरगी पाहायले आले होते तसेच. फक्त या वेळेस ते डोळ्यातलं खाली सांडू नये म्हणून पाहून राहिले होते. मले स्पष्ट दिसलं. पांढऱ्या उजेडाचा हा एक फायदा आहे, बारीक गोष्ट लपत नाही.

"मास्टर," ते छताकडे पाहतच म्हणाले, "शिवण बरी आहे."

माझ्या उभ्या जन्मात मले कोणी इतकं कमी बोलून इतकं खुश केलं नाही.

त्यानंतर रेखाचा फोन आला. पापा रातभर झोपतात, सकाळी चहासाठी हलवून उठवावं लागते, प्रशांत दारातून पाहते अन् हसते, घोरण्याचा आवाज बैठकीपर्यंत येते म्हणते. मी म्हटलं, चांगलं झालं, माझी खुर्ची सुटली.

अन् खरंच सुटली. इवाई यायचे बंद झाले. ज्याले घरी झोप लागते तो एवढ्या दूर काहून येईल? मी खुर्चीत बसायचो. सुमन शाल घडी करून खुंटीवर ठेवायची. गोल बाजारात काय पाहिलं ते मी सुमनले सांगायचो, अन् वाक्य पुरं व्हायचं. वाक्य पुरं होणं काही फार चांगली गोष्ट नाही, हे मले माहीत नव्हतं. दाराजवळच्या होल्डरमध्ये त्यांचा शेवटचा सत्तावीसशे तसाच होता, दर वेळेसारखा मी काढला नव्हता. ट्यूब जरा फडफडत होती म्हणून मी संध्याकाळी तोच लावत होतो. दुसरं काही कारण नाही.

शेवटी एका दुपारी मी तो बल्ब काढला, त्यांच्याच राहिलेल्या मोज्यात घातला, अन् बाजारातून सगळ्यात तेज पांढरा आणून लावला. असा तेज, का समोरची काकू विचारायले आली, कोणी येणार आहे का म्हणून. मग रेखाले फोन केला.

"तुझ्या सासऱ्याले सांग, मास्टरनं बैठकीत पासष्टशे लावला. मोठा आकडा, गरम उजेड."

"बाबा, काहून त्यांले चिडवता?"

"तू फक्त सांग."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या बेतात होता तेव्हा फाटक वाजलं. झोळा आत आला. इवाईंनी चपला काढल्या, वर पाहिलं, अन् तोंड असं केलं जसं कोणी त्यांच्या गाडीले लाल बावटा दाखवला.

"मास्टर!"

"या इवाई," मी म्हटलं.

स्टूल मी आधीच काढून ठेवला होता. शाल बी.